तीन फुटी टँक, नव्वद वॅटचा लाइट आणि खानदेशातला मे महिना

भाऊ, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. तुम्ही भुसावळला राहता. पाण्यातली झाडं लावलेला माशांचा टँक ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी बोअरचं. चार महिन्यांपूर्वी ऑनलाइन ९० वॅटचा आरजीबी (लाल-हिरवा-निळा) एलईडी मागवला आणि तो रोज ११ तास चालतो. व्हॅलिस्नेरिया तग धरून आहे, ॲमेझॉन स्वोर्डची पानं भोकाळलीत, रोटाला खालून गळतोय, मॉन्टे कार्लो या बुटक्या झाडाचं कार्पेट सुटून वर तरंगलं. पानांच्या कडांना काळी दाढी, म्हणजे केसाळ काळं शेवाळ, लागलीय, काचेवर दर चार दिवसांनी हिरवा थर येतो. दुकानदार म्हणतो, ‘सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) लावा, सगळं ठीक होईल.’ हातात आठ हजार आहेत. या गॅसचा सिलिंडर घ्यावा का, घेतला तर कोणता, की लाइटच बदलावा, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी देऊन टाकतो, कारणं मागून. लाइट बदलू नका, याच आठवड्यात तो निम्म्यावर आणा. सिलिंडर घ्या, पण जुलैत. आत्ता मार्च चालू आहे. नवशिक्या हाताने एप्रिल-मेमध्ये खानदेशात गॅस सुरू करणं म्हणजे माशांच्या जिवाशी खेळ आहे. हे मी पुस्तकातून सांगत नाही, स्वतः मासे मारून शिकलोय. ती गोष्ट पुढे येईलच.

माझ्याबद्दल दोन ओळी. जळगावात राहतो. चौदा वर्षं झाली, लोकांच्या घरी, दवाखान्यांत, दोन-तीन हॉटेलांत प्लान्टेड टँक बसवून देतो आणि महिन्याला जाऊन त्यांची निगा राखतो. घरची केळी आहे रावेर तालुक्यात, त्यामुळे टँकमधल्या झाडाकडेही मी शेतकऱ्याच्याच नजरेने बघतो. या धंद्यात त्याचा फायदाच झाला.

दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. ऊन वाढलं की झाडाची मागणी वाढते, हे केळीवाल्याला शिकवावं लागत नाही. मे महिन्यात ठिबक दोन तास जास्त सोडावं लागतं. ते सोडलं नाही तर पानं करपतात, आणि तेव्हा ‘ऊन कमी पडलं का?’ असं कोणी विचारत नाही. टँकमध्ये नेमकं हेच उलटं होतं. झाड खुरटलं की माणूस आणखी लाइट लावतो. लाइट ठरवतो झाडाला किती वेगाने जगायचंय ते. तो वेग पेलायला कार्बन लागतो, नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश लागतं, लोह लागतं. यातलं एक जरी कमी पडलं तरी झाड तिथेच अडतं. अडलेल्या झाडाची जुनी पानं कमजोर होतात, आणि शेवाळ आधी त्याच पानांवर बसतं.

आणि पाण्यात सगळ्यात आधी कमी पडतो तो कार्बनच. हवेशी समतोल झालेल्या पाण्यात लिटरमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम सीओटू असतो. जोमाने वाढणाऱ्या टँकमध्ये आपण २० ते ३० मिलिग्रॅम ठेवतो. शिवाय पाण्यात हा वायू हवेपेक्षा जवळपास दहा हजार पटीने हळू पसरतो, म्हणजे पानाला चिकटून असलेल्या थरातला संपला की नवीन यायला वेळ लागतो. ९० वॅटच्या उजेडाखाली, अर्ध्या मिलिग्रॅमवर रोटाला आणि मॉन्टे कार्लो ठेवणं म्हणजे भर मेमध्ये ठिबक बंद करून केळीकडून घड मागणं.

आता पुरवठा वाढवायचा की मागणी कमी करायची, हे तुमच्यावर आहे. तुम्हाला लाल झाडं आणि समोर गवताची चादर हवी असेल तर गॅसला पर्याय नाही. हिरवागार, शांत, महिन्यातून दोनदा हात लावावा लागेल असा टँक हवा असेल तर गॅसची गरजच नाही, आणि माझ्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्याहून जास्त लोक तिथेच सुखी आहेत. दोन्ही बाबतीत पहिलं काम मात्र एकच आहे, उजेड आटोक्यात आणणं.

वॅटचा हिशोब डोक्यातून काढा. ‘गॅलनला इतके वॅट’ हा नियम ट्यूबलाइटच्या काळातला, एलईडीला तो लागू पडत नाही. झाडाच्या उपयोगाचा प्रकाश तळापर्यंत किती पोचतो ते महत्त्वाचं, त्याला पार म्हणतात. तो मोजायचं मीटर महाग येतं आणि मी कितीतरी वर्षं त्याच्याशिवाय काम केलं. त्याऐवजी लिटरमागे लुमेन (डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप) हा ढोबळ हिशोब चालतो. बरा एलईडी वॅटला ८० ते १०० लुमेन देतो. तुमचा टँक काठोकाठ १६० लिटरचा, माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करून १३० धरा. ९० वॅट खरे असतील तर ७ ते ९ हजार लुमेन झाले, म्हणजे लिटरमागे ५५ ते ७०. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, मॉस यांना १० ते २० पुरतात. देठाच्या बहुतेक झाडांना २० ते ४०. चाळीसच्या वर गेलात की गॅस आणि खत दोन्ही सक्तीचे होतात, आणि तुम्ही तर सत्तरच्या आसपास फिरताय.

‘खरे असतील तर’ असं म्हणालो, कारण खोक्यावरचा आकडा आणि सॉकेटमध्ये वॅटमीटर लावून दिसणारा आकडा यात मी बऱ्याचदा मोठा फरक बघितलाय. आरजीबी लाइटचं आणखी एक आहे: लाल आणि निळा प्रकाश डोळ्याला मंद दिसतो, त्याचे लुमेन कमी भरतात, पण झाड आणि शेवाळ दोघंही तो खुशाल वापरतात. म्हणजे दिसतो त्यापेक्षा तो लाइट तगडा असतो. केल्विनच्या, म्हणजे उजेडाच्या रंगछटेच्या आकड्याच्या, वादात पडू नका. ६५०० च्या आसपासचा साधा पांढरा प्रकाशही झाडाला चालतो, रंग आपल्या डोळ्यासाठी असतात.

कमी कसा करायचा? लाइटला डिमर असेल तर थेट ५० टक्क्यांवर आणा. नसेल तर तो काचेपासून ८-१० इंच वर टांगा. तेही जमत नसेल तर माझा गावठी इलाज करा. शेडनेटच्या दुकानातून ५० टक्के सावलीच्या हिरव्या जाळीचा एक हात तुकडा आणा आणि लाइटखाली, टँकच्या काचेच्या झाकणावर अंथरा. मिरचीची रोपं जिच्याखाली वाढतात तीच ही जाळी. दिसायला फार देखणं नाही, पण लाइट परत करायची, नवा मागवायची भानगड वाचते. उद्या गॅस आला की जाळी काढली, काम झालं.

तास सहा करा, सलग. टँकला पश्चिमेची खिडकी असेल तर तिला जाड पडदा लावा. आपल्याकडचं चार वाजताचं ऊन एका तासात दिवसभराचा हिशोब बिघडवतं. सहा तासांवर तीन आठवडे थांबा. काळी दाढी लागलेली पानं कापून टाका, ती परत हिरवी होत नाहीत. नवीन पानं स्वच्छ यायला लागली की समजा मागणी-पुरवठा जुळला.

आता गॅसकडे येतो, आणि इथे आपलं पाणी मध्ये येतं. आपल्या काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी जड असतं. मी भुसावळ, यावल, रावेरकडच्या बोअरचा केएच, म्हणजे कार्बोनेटमुळे येणारा जडपणा, बऱ्याचदा १० ते १५ अंश बघितलाय. जळगावात वाघूर धरणाचं नळाचं पाणी त्या मानाने मवाळ. तुमचा केएच तुम्ही लिहिलेला नाही, आणि माझं अर्धं उत्तर त्यावरच अवलंबून आहे. थेंबांचं टेस्ट किट घ्या. आरओवाला जो पेनासारखा टीडीएस मीटर बुडवून दाखवतो त्याने केएच कळत नाही, तो सगळे क्षार एकत्र मोजतो.

जड पाणी वाईट, असा एक समज आहे. गॅस न लावणाऱ्यासाठी उलट ते वरदान आहे. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, सेराटोफायलम ही झाडं पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढू शकतात, आणि आपल्या बोअरमध्ये ते भरपूर असतं. तुमच्या टँकमध्ये सगळं कोलमडलं तरी व्हॅलिस्नेरिया का उभी आहे, याचं उत्तर हेच. मॉस आणि बरीच नाजूक देठाची झाडं हे करू शकत नाहीत, त्यांना मोकळा सीओटूच लागतो. बंधाऱ्यातून हायड्रिला फुकट मिळते खरी, पण तिच्यासोबत गोगलगायी आणि जळवाही येतात, तेव्हा आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा.

जड पाण्याचा खरा धोका आहे तो गॅस लावणाऱ्याला, आणि तो पाण्यात नसून इंटरनेटवरच्या सल्ल्यात आहे. माझी गोष्ट सांगतो. तिसरं-चौथं वर्ष असेल. परदेशी व्हिडिओंत सगळे सांगत होते, गॅस इतका सोडा की पीएच ६.६ वर येईल. (पीएच म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, सीओटू विरघळला की तो उतरतो.) भुसावळच्याच एका घरी मी निडल व्हॉल्व्ह, म्हणजे गॅस कमी-जास्त करायची बारीक चावी, उघडत गेलो. पीएच ८ वरून साडेसातवर आला, सातवर आला, मी आणखी उघडला. ६.६ दिसलं तेव्हा समाधानाने घरी आलो. संध्याकाळी फोन आला, सहाच्या सहा एंजल मासे आडवे झाले होते.

हिशोब असा आहे. केएचला ३ ने गुणा, आणि पीएच सातच्या जितका खाली असेल, दहाचा तितका घात काढून त्याने पुन्हा गुणा, वर असेल तर तसंच भागा, की लिटरमागचा सीओटू मिलिग्रॅममध्ये मिळतो. केएच ४ असलेल्या पाण्यात पीएच ६.६ म्हणजे ३० मिलिग्रॅम, अगदी बरोबर. पण त्या घरचा केएच १२ होता. तिथे पीएच ८ ला साडेतीन मिलिग्रॅम, ७.१ ला जवळपास २९, आणि ६.६ ला तब्बल ९०. म्हणजे मी ७.१ वर थांबायला हवं होतं. पुढचं सगळं विष होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने सोडलं. व्हिडिओवाला चुकला नव्हता, त्याचं पाणी वेगळं होतं.

म्हणून पीएचच्या आकड्यामागे धावू नका. ड्रॉप चेकर घ्या, काचेचं छोटं भांडं असतं ते. त्यात केएच ४ चं तयार द्रावण आणि रंगाचे थेंब घालायचे. टँकचं पाणी त्यात घालायचं नाही, नाहीतर हिशोब पुन्हा तुमच्या केएचवर जाईल. निळा म्हणजे कमी, पोपटी हिरवा म्हणजे ३० च्या जवळ, पिवळा म्हणजे जास्त. पण तो एक-दोन तास उशिरा बोलतो. त्यामुळे व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवला की दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. आणि सगळ्यात विश्वासू मीटर म्हणजे मासे. ते पाण्याच्या वर येऊन तोंड उघडत असतील तर ड्रॉप चेकर काहीही म्हणो, गॅस बंद आणि एअरपंप चालू.

बोअरच्या पाण्याची आणखी एक लबाडी. ताजं उपसलेलं पाणी जमिनीतून स्वतःचा सीओटू घेऊन येतं, म्हणून त्याचा पीएच लगेच मोजला तर खोटा कमी दिसतो. बादलीत दिवसभर ठेवून मग मोजा.

सिलिंडरबद्दल. टँकच्या धंद्यातले लहान शोभेचे सिलिंडर मी सुचवत नाही. २ किलोचा घ्या. माझ्याकडे तुमच्याएवढ्या टँकला तो पाच-सात महिने जातो. भरायचं ठिकाण मात्र आधी शोधून ठेवा. आपल्या गावांत गोटी सोडावाले आणि सोडा मशीनवाले जिथून गॅस भरतात तिथेच आपलंही काम होतं. आणि इथे एक गोष्ट मला फार ठासून सांगायची आहे. भरणारा ‘फुल करून देतो भाऊ’ म्हणेल. तुम्ही वजन करायला लावा. सिलिंडरच्या मानेवर रिकामं वजन कोरलेलं असतं. २ किलोच्या सिलिंडरमध्ये २ किलोच गेला पाहिजे, एक तोळाही वर नको.

त्याचं कारण आपलं ऊन. ३१ अंशांपर्यंत हा वायू सिलिंडरमध्ये द्रव आणि वाफ असा राहतो. २० अंशांना आत साधारण ५७ बार दाब असतो, ३० ला ७२ च्या आसपास. ३१ च्या वर मात्र तो द्रव राहूच शकत नाही, कितीही दाबा, आणि मग दाब ठरतो तो आत किती ऐवज कोंबलाय त्यावर. एप्रिल ते जून आपल्या घरात ३१ च्या खाली तापमान असतं कधी? बरोबर वजनाचा भरलेला सिलिंडरही मेच्या दुपारी १०० बारच्या वर जातो, तो त्यासाठी बनलेला असतो. जादा भरलेला असेल तर सुरक्षा चकती फाटते आणि सगळा गॅस खोलीत मोकळा होतो. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. बंद खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपलेलं लेकरू असेल तर विचार करा. म्हणून सिलिंडर गच्चीच्या जिन्यात नको, मोटारसायकलच्या डिकीत उन्हात नको, टँकच्या स्टँडमध्ये उभा बांधून ठेवा. आडवा ठेवला तर थंडीच्या दिवसांत द्रव सरळ रेग्युलेटरमध्ये शिरतो.

तुमच्या आठ हजारांतला मोठा वाटा रेग्युलेटरवर, म्हणजे सिलिंडरचा दाब उतरवणाऱ्या यंत्रावर, घाला. शक्य असेल तर डबल स्टेज, म्हणजे दोन टप्प्यांत दाब उतरवणारा. सिंगल स्टेजमध्ये सिलिंडर संपत आला की बाहेरचा दाब अचानक चढू शकतो, आणि महिनाभर सेकंदाला दोन बुडबुडे देणारा व्हॉल्व्ह एका रात्रीत फवारा सोडतो. सिंगल घेतलात तर काटा खाली यायला लागला की शेवटपर्यंत पिळत बसू नका, भरायला न्या. विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह मात्र हवाच. वीज गेली की तो आपोआप बंद होतो, आणि आपल्याकडे वीज जाणार नाही असं गृहीत धरणारा माणूस खानदेशातला नव्हे.

विजेवरून आठवलं. अंमळनेरला एका गिऱ्हाइकाकडे मी लाइट इन्व्हर्टरवर आणि गॅस साध्या लाइनवर लावला होता, दोन्हीला गोल चकतीचे मेकॅनिकल टायमर. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण वीज गेली की चकतीचा टायमर जागच्या जागी थांबतो. रोज दीड तास वीज जायची. लाइट आपल्या वेळेवर, आणि गॅस रोज दीड तास मागे सरकत गेला. चार दिवसांत रात्री आठला बंद होणारा गॅस मध्यरात्री दोनला बंद व्हायला लागला. अंधारात झाडं सीओटू घेत नाहीत, उलट सोडतात. पाचव्या दिवशी पहाटे त्या घरातल्या आजी देवपूजेला उठल्या आणि त्यांनी मुलाला हाक मारली, “आरे, ह्या मासा वर तोंड काढी राह्यनात!” आजींमुळे मासे वाचले. तेव्हापासून मी बॅटरीवर वेळ लक्षात ठेवणारा डिजिटल टायमरच वापरतो. गॅस लाइटच्या एक-दोन तास आधी सुरू आणि एक तास आधी बंद. आणि दोन्ही एकाच लाइनवर.

सिलिंडर आत्ता झेपत नसेल पण हात शिवशिवत असतील तर कोल्ड्रिंकच्या दोन जाड बाटल्या, खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड यांचा संच मिळतो, बाटलीला २०० ग्रॅमच्या हिशोबाने. व्हॉल्व्ह असलेली टोपणं घ्या, काचेची बाटली चुकूनही नको. साखर-यीस्टचा जुगाड आपल्याकडे करू नका. ४० अंशांत यीस्ट दोन दिवस उधळतं आणि मग मान टाकतं, रात्री बंदही करता येत नाही. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून विकतात ते बहुधा ग्लुटारल्डिहाइड असतं. शेवाळावर ते चालतं, गॅसची जागा घेत नाही, आणि तुमची एकुलती एक धडधाकट असलेली व्हॅलिस्नेरिया त्यानेच वितळू शकते.

खताचं पटकन सांगतो, कारण इथे आपण शेतकरी लोक श्रीमंत आहोत. महागड्या बाटल्यांत जे असतं ते ठिबकच्या खतांत मिळतं: १३-०-४५, ०-५२-३४, ०-०-५० (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पोटॅशचे). १०० लिटरला १.६ ग्रॅम १३-०-४५ टाकलं की नायट्रेट साधारण १० मिलिग्रॅमने वाढतं. ०-५२-३४ चिमटीच्याही आत लागतं, १०० लिटरला ०.१५ ग्रॅम. वजनाला सोनाराचा छोटा काटा घ्या. १९-१९-१९ आणि १२-६१-० मात्र टँकच्या जवळही आणू नका. त्यात युरिया आणि अमोनियम असतं, मासे जातील. लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी टँकचंच खत घेतलेलं बरं, तिथे मी काटकसर करत नाही.

आता मे महिना. मी गॅस जुलैत घ्या म्हणतो ते सिलिंडरच्या दाबामुळे तर आहेच, पण मुख्य कारण प्राणवायूचं आहे. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला साडेसात, ३५ ला सातच्याही आत. त्याच वेळी उकाड्याने माशांची आणि फिल्टरमधल्या जिवाणूंची गरज वाढलेली असते. सीओटूमुळे प्राणवायू पाण्यातून हाकलला जातो असं नाही, पण रक्तात सीओटू साचला की माशाला असलेला प्राणवायूही घेता येत नाही. हिवाळ्यात ३० मिलिग्रॅमवर मजेत फिरणारे तेच मासे मेमध्ये २० वरही वर येतात. माझ्या सगळ्या टँकमध्ये १५ एप्रिलनंतर गॅस निम्म्यावर येतो, लाइट पाच तासांवर, आणि वेळ सकाळची ६ ते ११. दुपारी सगळं बंद, फक्त फिल्टर आणि एअरपंप. लोक कुरकुरतात, संध्याकाळी पाहुण्यांना अंधारातले मासे दाखवायचे का म्हणून. मी म्हणतो, दोन महिने पाहुण्यांना आंबे दाखवा.

पाणी गार करायला आपल्याकडे एक गोष्ट मुंबईवाल्यांपेक्षा बरी आहे, हवा कोरडी आहे. टँकच्या तोंडावर तिरका फिरणारा छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी ३-४ अंश उतरतं. पण पाणी उडतं, क्षार मागे राहतात. रोज दोन-तीन लिटर बोअरचंच पाणी भरत राहिलात तर जूनपर्यंत केएच कुठल्या कुठे पोचतो. उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्याने करा, आठवड्याचं पाणीबदल मात्र नेहमीच्या पाण्याने. आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी थेट टँकमध्ये सोडू नका, ते हाताला चटका देतं. पहाटेचं काढा, बादलीत खोलीतच ठेवा.

तर तुमचा क्रम असा राहू द्या. या रविवारी लाइट निम्मा, तास सहा, दाढीची पानं कापणं, मॉन्टे कार्लोचे उरलेले तुकडे काढणं. केएचचं किट आणि डिजिटल टायमर मागवा. क्रिप्टोकोरिन लावा, लावल्यावर पंधरा दिवसांत तिची पानं विरघळतात, घाबरून उपटू नका, मुळातून परत येते. स्वोर्डच्या पानांना भोकं पडलीत म्हणजे पोटॅश कमी असण्याची शक्यता जास्त, ०-०-५० ने सुरुवात करा. मे-जूनमध्ये नवीन काही नाही, फक्त मासे सांभाळायचे. पाऊस स्थिरावला, घरातलं पाणी २८ च्या खाली आलं की रेग्युलेटर आणि सिलिंडर आणा, पहिला आठवडा सेकंदाला एक बुडबुडा, लाइट तितकाच. ड्रॉप चेकर हिरवा झाला आणि आठ दिवस हिरवाच राहिला, मगच शेडनेट काढा. आधी जाळी काढून मग गॅस वाढवला तर पुन्हा दाढी येईल.

केएचचा आकडा आला की इथेच लिहा, सोबत फिल्टर तासाला किती लिटर पाणी फिरवतो तेही. तीन फुटाच्या टँकमध्ये डिफ्यूझर, म्हणजे गॅसचे बारीक बुडबुडे करणारी चकती, कुठल्या कोपऱ्यात लावायचा ते फिल्टरच्या धारेवर ठरेल.